कपाटाची किल्ली आणि बटाट्याचे वजन

विद्यालयाच्या स्मरणिकेसाठी आम्ही विज्ञानाच्या शिक्षकांनी मिळून एक लेख द्यावा, अशी सूचना संपादक मंडळाने केली तेव्हा प्रथम आम्ही संकोचलो. स्मरणिकेत काय असावे याचे काही संकेत ठरलेले आहेत. संस्थेची वाटचाल, निकालाची टक्केवारी, मैदानावरची यशे, नावलौकिक मिळविलेले माजी विद्यार्थी यांना तिच्यात मानाचे पान असते, आणि ते असावेच. परंतु आठवी-नववीच्या वर्गांना जीवशास्त्र शिकविताना जी एक गोष्ट आमच्या मनाला डाचत राहिली, ती या संकेतांत कोठेच बसत नाही. ती गोष्ट म्हणजे प्रयोगशाळेतल्या लोखंडी कपाटाची किल्ली. तिच्याविषयी लिहिण्याची मुभा मागून घेऊनच आम्ही हा लेख हाती घेतला.

त्या कपाटात आठ सूक्ष्मदर्शक होते. दात्यांनी प्रेमाने दिलेले, चांगल्या बांधणीचे. कपाटाच्या दारावर ‘हात लावू नये’ अशी चिठ्ठी होती आणि किल्ली कार्यालयात असे. वर्षातून दोनदा, तपासणीच्या आधी आणि प्रात्यक्षिक परीक्षेच्या आधी, कपाट उघडले जाई. एरवी पेशीचा पाठ आला की आम्ही फळ्यावर रंगीत खडूने आकृती काढीत असू आणि मुले ती उतरवून घेत. लोधिवलीचा पाऊस ज्यांनी अनुभवला आहे त्यांना पुढचे सांगण्याची गरज नाही. माथेरान-प्रबळगडाच्या बाजूने ढग खाली उतरले की वसतिगृहात कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, वह्यांची पाने मऊ पडतात, चपलांवरही बुरशी धरते. अशा हवेत बंद, अंधाऱ्या कपाटातल्या भिंगांचे काय होणार? एका जुलैत कपाट उघडले तेव्हा तीन सूक्ष्मदर्शकांच्या भिंगांवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे पसरलेले दिसले. मुलांच्या हातून खराब होऊ नयेत म्हणून जपलेली उपकरणे मुलांचा हात न लागताच निकामी झाली होती.

परंतु भिंगांची बुरशी पुसता येते, निदान काही अंशी. दुसरी एक बुरशी त्याच वर्षी आमच्या ध्यानात आली आणि तिच्यामुळे हा लेख लिहावासा वाटला.

परासरणाचा प्रयोग सर्वांच्या परिचयाचा आहे. बटाट्याचे सारख्या वजनाचे तुकडे करावयाचे, एक साध्या पाण्यात, दुसरा मिठाच्या द्रावणात ठेवावयाचा, काही वेळाने पुन्हा वजन करावयाचे. पाण्यातला तुकडा फुगतो, मिठातला आक्रसतो. आठवीच्या वर्गात आम्ही सहा गट केले, चंचुपात्रे मांडली आणि शाळा सुटल्यावर ती तशीच ठेवून गेलो. दुसऱ्या दिवशी मुलांनी वजने करून प्रयोगवह्या आणून दिल्या. तपासताना दिसले की सहाही गटांची नोंद एकच होती. पाच ग्रॅमचा तुकडा पाण्यात साडेपाच ग्रॅम झाला, मिठात चार ग्रॅम. दशांश चिन्हापर्यंत एकमत! विज्ञानाच्या इतिहासात इतके एकमत क्वचितच आढळेल. मग प्रयोगशाळेच्या शिपाईमामांनी सहज सांगितले की खिडकीजवळच्या टेबलावरचे एक पात्र रात्री उंदराने उलथून टाकले होते आणि बटाटा नेला होता. म्हणजे ज्या गटाचा बटाटा उंदराच्या पोटात गेला होता, त्या गटाच्या वहीतही तो सकाळी चार ग्रॅम भरला होता.

आम्ही त्या गटाला बोलावले. रागावण्याचा विचार होता, पण त्यांतील एका मुलाने अगदी सरळपणे विचारले, “सर, बरोबर उत्तर तेच आहे ना?”

या प्रश्नावर आमच्याजवळ उत्तर नव्हते. कारण उत्तर तेच होते, आणि ते आम्हीच आदल्या आठवड्यात फळ्यावर लिहून दिले होते. मुलाने फसवणूक केली असे म्हणावे तर त्याच्या दृष्टीने त्याने आज्ञापालन केले होते. आणि खरे सांगावयाचे तर आम्हांपैकी बहुतेकांनी आपापल्या शाळेत हेच केले आहे. कांद्याच्या पापुद्र्यातील पेशी प्रत्यक्ष पाहण्यापूर्वी आम्ही तिच्या नीटनेटक्या, विटांच्या भिंतीसारख्या आकृत्या काढल्या, केंद्रकाला बाण दाखविले आणि दहापैकी नऊ गुण घेतले. जी पेशी आम्ही पाहिली नव्हती तिच्यावर ‘सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेली आकृती’ असे मथळ्यात लिहिताना आमचा हात कचरला नव्हता. पुढे महाविद्यालयात पहिल्यांदा भिंगातून पाहिले तेव्हा जी काळ्या जाड कडेची सुबक वर्तुळे आम्ही हौसेने रेखाटली, ते हवेचे बुडबुडे होते.

आपल्या विद्यालयात सकाळी वंदना होते. त्रिशरणानंतर मुले पंचशील म्हणतात आणि त्यांतील चौथे शील असत्य भाषणापासून दूर राहण्याचे आहे. ते सर्वांना मुखोद्गत आहे. पहिलीतली मुलेही अडखळत नाहीत. त्यानंतर दोन-तीन तासांनी तीच मुले प्रयोगशाळेत येऊन, न केलेल्या मापनाचा आकडा सुवाच्य अक्षरात लिहितात आणि आम्ही त्याच्याखाली तांबड्या शाईने बरोबरची खूण करतो. खोटे बोलू नये हे आम्ही तोंडाने शिकवितो, आणि खोटे लिहिले तर गुण मिळतात हे हाताने शिकवितो. मूल कोणते शिक्षण लक्षात ठेवील? याला कोणी बारीकसारीक गोष्ट म्हणेल. आम्हांस ती तशी वाटत नाही. हीच मुले पुढे परिचारिका होऊन रुग्णाच्या तापाची नोंद करणार आहेत, पाताळगंगेकाठच्या कारखान्यांत सांडपाण्याचे नमुने तपासणार आहेत, ग्रामपंचायतीत विहिरीच्या पाण्याची वही भरणार आहेत. तेथेही ‘बरोबर उत्तर’ काय असावे हे कोणीतरी आधीच सांगून ठेवलेले असते.

मग आम्ही तो प्रयोग पुन्हा केला, आणि या वेळी आपल्या शाळेजवळ असलेली परंतु कधी न वापरलेली एक संपत्ती वापरली. ती म्हणजे रात्र. दिवसाच्या शाळेला पस्तीस-चाळीस मिनिटांच्या तासिकेत परासरण दाखवावे लागते. ते तेवढ्यात धड दिसत नाही, म्हणून उत्तर सांगून टाकण्याची घाई होते. निवासी शाळेतली मुले मात्र येथेच जेवतात, येथेच झोपतात. संध्याकाळच्या अभ्यासिकेनंतर आठ वाजता बटाटे कापावेत आणि पहाटे उठल्यावर तोलावेत, याला कोणत्याही वेळापत्रकाची आडकाठी नाही. स्वयंपाकघरातल्या मावशींनी एकाच पोत्यातले, ताजे बटाटे निवडून दिले. सोनार वापरतात तसा दशांश ग्रॅम दाखविणारा छोटा वजनकाटा आणला. साधे पाणी, आणि शंभर मिलिलिटरला एक, दोन, पाच व दहा ग्रॅम मीठ, अशी पाच पात्रे प्रत्येक गटाला दिली आणि वर जाळी झाकली. उंदराचे शिक्षण पहिल्या खेपेसच झाले होते. नियम दोनच केले. नोंद टेबलावरच, शाईच्या पेनाने लिहावयाची, खोडरबर नाही. आणि फळ्यावर काहीही लिहिलेले नसेल.

पहाटे साडेपाचला जे दिसले ते पुस्तकापेक्षा पुष्कळच अव्यवस्थित होते. साध्या पाण्यातले तुकडे कडक झाले होते, बोटांनी वाकविले तर मोडत होते. पाच आणि दहा टक्क्यांतले लुळे पडून वाळल्या पडवळासारखे वाकत होते. वजने कोणाचीही जुळेनात. एकाचा तुकडा पाण्यात अर्धा ग्रॅम वाढला, दुसऱ्याचा जेमतेम पाव ग्रॅम. चौकशी करता कळले की एकाने तोलण्याआधी तुकडा टिपकागदाने टिपला होता, दुसऱ्याने सदऱ्याला पुसला होता, तिसऱ्याने ओलाच ठेवला होता. ओल्या तुकड्यावरचे पाणीही वजनात येते, हा शोध कोणत्या पाठ्यपुस्तकात इतक्या ठसठशीतपणे सापडला असता?

परंतु त्या सकाळची खरी कमाई एका मुलीच्या वहीत होती. एक टक्का मिठाच्या द्रावणापुढे तिने लिहिले होते, ‘आधी ५.० ग्रॅम, नंतर ५.० ग्रॅम. काही झाले नाही.’ ती वही द्यावयास संकोचत होती. मिठात बटाटा आक्रसतो हे तिला ठाऊक होते, म्हणून आपले चुकले असे तिने धरले होते. इतर गटांना विचारले तेव्हा आणखी दोघांनी हळूच सांगितले की त्यांचाही तुकडा जवळजवळ तेवढाच भरला होता, पण लिहिताना त्यांनी ‘थोडा कमी’ असे लिहिले.

त्या ‘काही झाले नाही’ वर आम्ही पुढचे दोन दिवस घालविले, आणि ते सत्कारणी लागले असे आमचे मत आहे. पाणी प्रद्रव्यपटलातून दोन्ही बाजूंना सतत जात-येत असते. जिकडे विरघळलेले पदार्थ अधिक, तिकडे ते अधिक जाते. बटाट्याच्या पेशीतही साखर आणि क्षार असतात. एक टक्का मिठाचे द्रावण साधारण त्यांच्या तोडीचे भरते. म्हणून जेवढे पाणी बाहेर जाते जवळजवळ तेवढेच आत येते आणि काटा हलत नाही. यालाच पुस्तकात समपरासारी द्रावण म्हणतात. हा शब्द आमच्या मुलांनी अनेकदा पाठ केला होता. त्या पहाटे तो त्यांच्यासमोर पात्रात पडून होता. एका मुलाने विचारले की मग दवाखान्यात लावतात ते सलाईन साध्या पाण्याचे का नसते? महामार्गालगतच्या या पट्ट्यात सलाईनची बाटली न पाहिलेले मूल विरळा. त्या बाटलीत एका लिटरला नऊ ग्रॅम मीठ असते, कारण आपल्या रक्तातील पेशींना ते समपरासारी आहे. साधे पाणी थेट शिरेतून दिले तर तांबड्या पेशी फुगून फुटतील. बटाट्याची पेशी फुटत नाही, कारण तिला प्रद्रव्यपटलाबाहेर पेशीभित्तिकेचे मजबूत आवरण आहे. रक्तपेशीला ते नाही. वनस्पतिपेशी आणि प्राणिपेशी यांतील फरकाचा तक्ता आम्ही दरवर्षी देतो. त्या तक्त्यातली पहिली ओळ कोणाचा तरी जीव वाचविते, हे त्या दिवशी मुलांना कळले, आणि थोडेसे आम्हांलाही.

या विषयाचे वैशिष्ट्यच असे की तो मुलांच्या घरांत आधीपासून असतो. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की रात्रीतून पाणी सुटते, काकडीच्या कोशिंबिरीत मीठ वाढण्याच्या वेळीच घालावे, बोंबील वाळविण्यापूर्वी मीठ चोळले की टिकतो, हे कोणत्या आईला माहीत नाही? फक्त त्याला परासरण म्हणतात हे तिला कोणी सांगितलेले नसते आणि ते तिच्या मुलाला पुस्तकात ओळखू येत नाही. अर्थात घरातले प्रत्येक फुगणे परासरण नव्हे. बिरड्यासाठी भिजत घातलेले कोरडे वाल प्रथम फुगतात ते मुख्यतः अंतःशोषणाने, लाकूड किंवा स्पंज पाणी धरतो तसे. मेलेले बी भिजविले तरी ते फुगतेच. उकडलेला बटाटा मात्र मिठात आणि पाण्यात ठेवला की कच्च्यासारखा वागत नाही. उकडताना त्याची पटले नष्ट झालेली असतात. हा फरक आमच्या एका विद्यार्थ्याने जेवणाच्या ताटातला बटाटा चोरून पात्रात टाकल्यामुळे वर्गाला समजला. त्या चोरीबद्दल त्याला शिक्षा झाली नाही.

आमच्याकडे पेण तालुक्यातल्या खारेपाटातूनही काही मुले येतात. त्यांच्यापैकी एकाने सांगितले की उधाणाने बांध फुटून खारे पाणी शेतात शिरले त्या वर्षी भात पाण्यात उभे असूनही करपून गेले. वर्गातल्या डोंगराकडच्या ठाकर-कातकरी मुलांना हे खरे वाटेना. पाण्यात उभे असलेले पीक तहानेने कसे मरेल? आम्ही बोट दाखविले ते दहा टक्क्यांच्या पात्रातल्या लुळ्या बटाट्याकडे. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे पस्तीस ग्रॅम क्षार असतात. मुळांच्या पेशींना अशा पाण्यातून पाणी ओढून घेणे कठीण होते, आणि जमीन फारच खारी असेल तर त्यांच्याजवळचेच पाणी बाहेर जाऊ लागते. शिवाय सोडियम आणि क्लोराइड आत शिरून वेगळी हानी करतात, ती निराळीच. म्हणूनच पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने क्षार सहन करणाऱ्या भाताच्या जाती काढल्या. त्या ‘पनवेल १’, ‘पनवेल २’, ‘पनवेल ३’ या नावांनी ओळखल्या जातात. आपल्या जवळच्या कर्जतच्या भात संशोधन केंद्राचे नाव मुलांना ठाऊक असते, कारण घरी ‘कर्जत’ जातींचे बियाणे येते. ही केंद्रे म्हणजे कोणी परके शास्त्रज्ञ नव्हेत, आपल्याच बांधावरच्या प्रश्नाशी झगडणारी माणसे आहेत. बांधावरून जो प्रश्न त्या मुलाने आणला तो पाठ्यपुस्तकातल्या कोणत्याही स्वाध्यायाहून मोठा होता. त्याला गुण कोणत्या रकान्यात द्यावेत, हे मात्र आम्हांस अजून कळलेले नाही.

आणखी एक उदाहरण देण्याचा मोह आवरत नाही, कारण वसतिगृहात त्याचा संबंध दर पावसाळ्यात येतो. जुलाब सुरू झाले की गृहपाल पांढऱ्या पाकिटातली पूड पाण्यात कालवून देतात. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांत पटकीची साथ पसरली. सीमेवरच्या बनगाव येथे डॉ. दिलीप महालनबीस यांच्याजवळचा शिरेतून द्यावयाच्या सलाईनचा साठा संपत आला. तेव्हा त्यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांचे मिश्रण पाण्यात विरघळवून रुग्णांच्या नातेवाइकांकरवी तोंडाने पाजण्यास सुरुवात केली. मृत्यूचे प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होते, ते चार टक्क्यांच्याही खाली आले. यामागचे तत्त्व असे, की आतड्याच्या पेशी ग्लुकोज आणि सोडियम जोडीने आत घेतात आणि त्यांच्यामागोमाग पाणी परासरणाने शरीरात येते. पण म्हणून मुलाला गोड लागावे यासाठी मूठभर जास्त साखर घातली, तर आतड्यातले द्रावण अतिपरासारी होते आणि शरीरातलेच पाणी आतड्यात ओढले जाऊन जुलाब वाढतात. पाकिटावर लिहिले असेल तेवढ्याच पाण्यात संपूर्ण पाकीट घालावे, अंदाजाने नव्हे, ही सूचना ज्याने स्वतः पाच पात्रांत बटाटे तोलले आहेत तो कधी विसरणार नाही. घरी तान्हे भावंड असलेल्या मुलामुलींसाठी हा अभ्यासक्रमाबाहेरचा मुद्दा नव्हे.

सूक्ष्मदर्शकाकडे वळतो. उरलेल्या पाचांपैकी एक आता प्रयोगशाळेच्या खिडकीपाशी कायम मांडलेला असतो. आरशावर चालणारी ही उपकरणे ढगाळ दिवसांत रुसतात. तेव्हा विजेचा दिवा आरशासमोर धरावा लागतो. कांद्याचा पापुद्रा पाहावयाचा तर अलिबागचा पांढरा कांदा चवीला कितीही गोड असला तरी येथे कामाचा नाही; त्याला आयोडीनचे रंजक द्यावे लागते. लाल कांद्याचा जांभळट पापुद्रा घ्यावा, किंवा बागेतल्या रिओच्या जांभळ्या पाठीच्या पानाचा पातळ थर सोलावा. काचपट्टीच्या एका कडेला मिठाच्या पाण्याचा थेंब सोडून दुसऱ्या कडेने टिपकागद लावला की थोड्याच मिनिटांत पेशीतला जांभळा भाग भिंतींपासून सुटून मध्ये गोळा होऊ लागतो. हाच रससंकोच. लगेच साधे पाणी सोडले तर पुष्कळशा पेशी पुन्हा भरून येतात. हे पाहताना वर्गात पसरणारी शांतता आम्ही दुसऱ्या कोणत्याही तासाला अनुभवलेली नाही. फळ्यावरची पेशी कधी हलत नाही, ही जाणीव मुलांच्या आधी आम्हांला व्हावयास हवी होती.

रॉबर्ट हुकने १६६५ साली बुचाच्या चकतीत ज्या रिकाम्या खोल्या पाहिल्या त्यांना त्याने ‘सेल’ म्हटले. त्या शब्दाचा मूळ अर्थ लहान खोली. कर्जतजवळच्या कोंडाणे लेण्यांच्या सहलीत मुलांनी विहारातल्या भिक्खूंच्या खोल्या पाहिल्या होत्या, म्हणून हा अर्थ त्यांना चटकन उमगला. परंतु हुकला दिसल्या त्या मृत पेशींच्या भिंती. राहणारा निघून गेलेला होता. आमच्या प्रयोगवह्यांतल्या आकृत्याही बहुधा तशाच असतात. आणि परासरणाचा इतिहासही सांगण्याजोगा आहे. १७४८ साली नोले या फ्रेंच धर्मगुरूने मद्यार्काच्या भांड्याला डुकराच्या मूत्राशयाचे कातडे बांधून ते पाण्यात बुडविले, आणि कातडे फुगून वर आले. त्यामागचे गणित समजण्यास सव्वाशेहून अधिक वर्षे लागली. त्याचे नियम मांडणाऱ्या व्हांट हॉफला १९०१ साली रसायनशास्त्राचे पहिले नोबेल मिळाले. पाणी पटलातल्या कोणत्या वाटांनी जाते हे दाखविणाऱ्या पीटर आग्रे यांना ते २००३ साली मिळाले. म्हणजे नोलेच्या नोंदीचे उत्तर अडीचशे वर्षे पुरे होत होते. नोलेने मात्र जे दिसले ते लिहून ठेवले.

आमच्या या आग्रहावर जे आक्षेप येतात ते खोटे नाहीत. अभ्यासक्रम मोठा आहे, वर्गात मुले पुष्कळ आहेत, शिक्षकांना शिकविण्याखेरीज अनेक कामे आहेत. दहावीला विज्ञानाच्या शंभर गुणांपैकी वीस प्रात्यक्षिकाचे असतात आणि ते शाळेच्याच हाती असल्यामुळे बहुतेकांना भरघोस मिळतात. मग पहाटे उठून बटाटे कशाला तोलावयाचे? पालकही विचारतात. पण जे गुण सर्वांना न मागता मिळतात ते कशाचीच परीक्षा घेत नाहीत, हे आपण मान्य करावयास हवे. मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली सोळा ग्रामीण शाळांत विज्ञान शिक्षणाचा एक प्रयोग सुरू झाला होता. त्याच्या पुस्तकांत प्रश्न आणि कृती असत, उत्तरे छापलेली नसत. परीक्षेत पुस्तक उघडण्याची मुभा होती आणि प्रत्यक्ष प्रयोग करून दाखवावा लागे. पुढे तो शेकडो सरकारी शाळांत पसरला आणि तीस वर्षे चालला. २००२ साली शासनाने तो बंद केला, हेही सांगावयास हवे. पण साध्या सरकारी शाळांतली मुले हे करू शकतात, याचा पुरावा त्या तीस वर्षांनी दिला आहे.

अलीकडे देणगीदार वर्गात मोठा डिजिटल फलक बसवून देण्याची तयारी दाखवितात. त्यांच्या सद्भावनेविषयी आम्हांला आदर आहे, आणि फलकाचे उपयोग आहेत. परंतु परासरणाची चित्रफीत दाखविली की परासरण झाले, असा समज त्याबरोबर येतो. चित्रफितीतला बटाटा नेहमीच बरोबर वागतो. त्याला उंदीर नेत नाही, तो एक टक्क्यात थबकून राहत नाही, आणि त्यामुळे तो कोणाला प्रश्नही विचारावयास लावत नाही.

शेवटी त्या चिठ्ठीविषयी. बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे की शाळेत तहान लागली तरी नळाला त्यांना हात लावता येत नसे. शिपायाने तो उघडला तरच पाणी मिळे. त्या अन्यायाशी आमच्या कपाटाची तुलना करण्याचा उद्धटपणा आम्ही करणार नाही. परंतु ज्या संस्थेत त्यांची तसबीर प्रत्येक वर्गात आहे, तिथे शिकण्याच्या साधनावर ‘हात लावू नये’ अशी चिठ्ठी असावी, हे एकदा लक्षात आल्यावर आम्हांला ती पाहवेना. आम्ही ती काढून टाकली. कपाटात आता चाळीस वॉटचा एक दिवा पावसाळाभर जळत असतो, म्हणजे आत दमट राहत नाही, आणि किल्ली प्रयोगशाळेच्या दाराशेजारी खिळ्याला असते. ती घेणाऱ्याने वहीत नाव लिहावयाचे असते. या वर्षी एक भिंग फुटले. फोडणाऱ्या मुलीने वहीत स्वतःच्या नावापुढे तसे लिहिले आहे. आम्ही ते पान जपून ठेवले आहे.

स्मरणिकेचे वाचक असलेल्या माजी विद्यार्थ्यांकडे आमचे मागणे थोडे आहे. फुटलेल्या भिंगाऐवजी एक भिंग, दशांश ग्रॅमचे आणखी चार वजनकाटे, आणि जमले तर एखादा शनिवार. तुमच्यापैकी अनेकांनी याच टेबलांवर बसून बटाट्याचे वजन मनाने लिहिले आहे, हे आम्हांस ठाऊक आहे. लिहून देणारे आम्हीच होतो. शनिवारी रात्री आठला तुकडे पात्रात पडतात आणि रविवारी पहाटे साडेपाचला तोलले जातात. झोपण्याची सोय वसतिगृहात होईल.